पोलाद, त्याचा कच्चा माल आणि बदलता बाजार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोलादाच्या बातम्या येतात त्या कारखान्यांच्या नावाने. अमुक कंपनीने भट्टी बंद केली, तमुक देशाने आयात शुल्क वाढवलं. पण बातमीचा धागा थोडा मागे ओढला की तो बहुतेक वेळा खाणीत, भंगाराच्या ढिगात नाहीतर विजेच्या बिलात जाऊन पोचतो. म्हणून इथली उत्तरं भट्टीपेक्षा भट्टीत काय पडतं, याकडे जास्त बघतात.

जगात दरवर्षी किती पोलाद बनतं?

२०२४ मध्ये सुमारे १८८ कोटी टन बनलं. त्यातलं निम्म्याहून जास्त, म्हणजे १०० कोटी टनांच्या आसपास, एकट्या चीनमध्ये. भारत सुमारे १५ कोटी टनांवर दुसरा. जपान, अमेरिका आणि रशिया त्याच्या मागे. २००० साली जगाचं उत्पादन ८५ कोटी टनांच्या घरात होतं आणि चीनचा वाटा साधारण १५ टक्के. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत जी वाढ झाली, त्यातली बहुतेक तिथे झाली. खाणी, बंदरं, मालवाहू जहाजं हे सगळं त्या एका गिऱ्हाइकाच्या मागणीवर बेतलं गेलं. आता तिथली मागणी उतरणीला लागली आहे, आणि बाजारात आज जी उलथापालथ दिसते तिचं एक मोठं कारण हेच आहे.

पोलाद बनवायचे मार्ग किती?

मुख्य मार्ग दोन. पहिला झोतभट्टीचा. लोहखनिज, कोक (हवा बंद करून भाजलेला खास कोळसा) आणि चुनखडी वरून टाकायची, खालून हजार अंशांहून गरम हवेचा झोत सोडायचा. कोकमधला कार्बन खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि तळाला द्रवरूप कच्चं लोखंड जमतं. त्यात चार-साडेचार टक्के कार्बन असतो, म्हणून ते ठिसूळ. मग ते कन्व्हर्टर नावाच्या मोठ्या भांड्यात ओतून त्यावर शुद्ध ऑक्सिजन सोडतात. पंधरा-वीस मिनिटांत जास्तीचा कार्बन जळून जातो आणि पोलाद तयार होतं. ऑस्ट्रियातल्या लिंझमध्ये ही पद्धत १९५२ साली कारखान्याच्या पातळीवर सुरू झाली. जगातलं सुमारे ७० टक्के पोलाद आजही याच रस्त्याने येतं.

दुसरा मार्ग विद्युत चाप भट्टीचा, म्हणजे इलेक्ट्रिक आर्क फर्नेसचा. ग्रॅफाइटच्या जाड कांड्या आणि भंगार यांच्यामध्ये विजेचा चाप पेटवायचा आणि भंगार वितळवायचं. भंगाराऐवजी किंवा भंगारासोबत स्पंज आयर्न, म्हणजे न वितळवता ऑक्सिजन काढलेलं खनिज, घालता येतं. अमेरिकेत सुमारे ७० टक्के पोलाद असं बनतं, चीनमध्ये १० टक्क्यांच्या आसपास. हा फरक तंत्रज्ञानाचा नाही. ज्या देशात शंभर वर्षं गाड्या, पूल आणि इमारती उभ्या राहिल्या तिथे भंगार आहे. ज्या देशाने हे सगळं गेल्या पंचवीस वर्षांत बांधलं त्याचं पोलाद अजून वापरात आहे.

एक टन पोलादाला काय काय लागतं?

झोतभट्टीच्या मार्गाने साधारण १.४ टन लोहखनिज, पाऊण टनाहून थोडा जास्त कोकिंग कोळसा, पाव टनाच्या वर चुनखडी आणि थोडं भंगार. कन्व्हर्टरमध्ये कार्बन जळताना एवढी उष्णता निघते की तापमान आवरायला थंड भंगार घालावंच लागतं. म्हणजे ‘खनिजाचा’ म्हटलेला मार्गही भंगारावाचून चालत नाही.

भंगार वितळवायच्या मार्गाने टनाला विजेची सुमारे ४०० युनिटं, भंगार, थोडा चुना, थोडा कार्बन. इतक्या कमी विजेत भागतं याचं कारण सोपं आहे: खनिजातून ऑक्सिजन सोडवायचं अवघड काम कुणीतरी आधीच केलेलं असतं.

कोकिंग कोळसा आणि साधा कोळसा यांत फरक काय? झोतभट्टीत साधा कोळसा का चालत नाही?

वीजघरातला कोळसा फक्त जळायला हवा असतो. कोकिंग कोळशाला आधी मऊ व्हावं लागतं. हवा बंद करून तापवला की चारशे-पाचशे अंशांच्या दरम्यान तो मऊ पडतो, फुगतो, त्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि मग पुन्हा घट्ट होतो. पुढे हजार-अकराशे अंशांपर्यंत सोळा-अठरा तास भाजला की आतले वायू आणि डांबर निघून जातं आणि करड्या रंगाचा, सच्छिद्र, हातात घेतला तर हलका पण चांगलाच कणखर असा कोक उरतो. ओव्हनची दारं उघडून लालबुंद कोकची अख्खी भिंत ढकलून बाहेर काढतात आणि लगेच विझवतात.

हा कणखरपणाच खरा मोलाचा. झोतभट्टीत कोक एकाच वेळी तीन कामं करतो. उष्णता देतो, खनिजातला ऑक्सिजन काढतो, आणि वरच्या हजारो टन मालाचा भार पेलून मधून वायू जायला वाट मोकळी ठेवतो. भट्टीच्या खालच्या भागात बाकी सगळं वितळलेलं असताना घन राहतो तो फक्त कोक. पहिल्या दोन कामांत काही प्रमाणात कोळशाची भुकटी किंवा नैसर्गिक वायू मदतीला येतो. तिसऱ्या कामाला पर्याय नाही. कोक कच्चा असला तर तो चुरतो, वाट बुजते, भट्टी गुदमरते.

जहाजाने फिरणाऱ्या कोकिंग कोळशापैकी जवळपास निम्मा ऑस्ट्रेलियातून येतो, मुख्यतः क्वीन्सलंडच्या बोवेन खोऱ्यातून. तिथे चक्रीवादळ किंवा पूर आला की जगभरच्या कारखान्यांचे खर्चाचे हिशेब बदलतात. २०२२ च्या मार्चमध्ये, युक्रेनवरच्या आक्रमणानंतर, या कोळशाचा भाव टनाला ६०० डॉलरच्या वर गेला होता. युक्रेनची स्वतःची हानी तर त्याहून कितीतरी मोठी. मारिउपोलमधले अझोवस्ताल आणि इलिच हे दोन प्रचंड कारखाने त्या वर्षी उद्ध्वस्त झाले, आणि पोक्रोव्स्कजवळची कोकिंग कोळशाची खाण २०२५ च्या जानेवारीत थांबली.

लोहखनिजाच्या ग्रेडची एवढी चर्चा हल्लीच का?

ग्रेड म्हणजे खनिजात लोह किती टक्के. बाजाराचं जुनं माप ६२ टक्क्यांचं. ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा भागातला माल वर्षानुवर्षं याच्या आसपास होता, पण चांगले थर संपत चालले तसा तो हळूहळू ६०-६१ टक्क्यांकडे सरकतो आहे. ब्राझीलच्या काराजासमधला माल ६५ टक्क्यांचा.

तीन-चार टक्क्यांनी काय होतं, असं वाटू शकतं. झोतभट्टीला कमी ग्रेड चालते, कारण सिलिका आणि ॲल्युमिना या खनिजातल्या अशुद्धी वितळून मळीत (लोखंडावर तरंगणाऱ्या वितळलेल्या गाळात) जातात आणि मळी सिमेंटवाले घेतात. भुर्दंड पडतो तो जास्तीच्या कोकचा. स्पंज आयर्नच्या भट्टीत मात्र काहीच वितळत नाही. खनिज घन अवस्थेतच राहतं, फक्त त्यातला ऑक्सिजन निघून जातो, आणि माती-सिलिका जशीच्या तशी आत उरते. पुढे चाप भट्टीत ती सगळी विजेवर वितळवावी लागते. म्हणून या मार्गाला साधारण ६७ टक्के लोहाचे पेलेट (खनिजाच्या भाजलेल्या गोळ्या) लागतात, आणि असा माल जगात थोडाच आहे.

कमी कार्बनच्या पोलादाची चर्चा स्पंज आयर्न बनवताना कोळसा-वायूऐवजी वापरायच्या हायड्रोजनभोवती फिरते, आणि या साध्या अडचणीकडे फार थोडे लोक बघतात असं माझं स्पष्ट मत आहे. हायड्रोजन उद्या स्वस्त झाला तरी त्याला चालेल असं खनिज पुरेसं निघत नाही. यावर दोन वाटा शोधल्या जात आहेत. एक, खनिज अधिक बारीक दळून धुऊन त्याची ग्रेड वाढवायची. दोन, स्पंज आयर्न आणि कन्व्हर्टर यांच्यामध्ये एक वितळवणारी विद्युत भट्टी बसवायची, जिथे मळी वेगळी काढता येते. पिलबाराच्या खाण कंपन्यांनी दुसऱ्या वाटेत पैसा घातला आहे, आणि त्यांचा स्वार्थ उघड आहे: ही वाट चालली तरच त्यांच्या मालाला पुढे गिऱ्हाईक राहील.

सिमांडूमुळे बाजार बदलेल का?

गिनीतला सिमांडू डोंगर ६५ टक्क्यांच्या वरच्या खनिजाचा. त्याचा शोध जुना, पण मालकीचे वाद, सत्तांतरं आणि सहाशे किलोमीटरहून लांब रेल्वेची गरज यांत तो अनेक दशकं अडकून राहिला. २०२५ च्या अखेरीस निर्यात सुरू झाली. चिनी कंपन्या आणि रिओ टिंटो ही बडी खाण कंपनी दोघांचा त्यात वाटा आहे. खाण पूर्ण चालू लागली की वर्षाला सुमारे १२ कोटी टन माल निघावा, असं ठरलं आहे.

भावावर दबाव येईल हे नक्की. पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरं. चांगल्या ग्रेडचा एवढा मोठा साठा ऑस्ट्रेलिया आणि ब्राझीलच्या बाहेर पहिल्यांदाच समुद्रमार्गाच्या बाजाराला जोडला गेला आहे.

लोहखनिजाचा भाव ठरवतं कोण?

सुमारे चाळीस वर्षं तो वर्षातून एकदा ठरायचा. जपानी पोलाद कारखाने आणि खाण कंपन्या बंद खोलीत बसायच्या, एक आकडा ठरायचा आणि बाकी सगळे तोच मान्य करायचे. २०१० मध्ये ही पद्धत मोडली. चीनमधल्या रोजच्या व्यवहारांतला भाव करारातल्या भावापेक्षा खूप वर गेला होता आणि खाण कंपन्यांना तो फरक सोडायचा नव्हता. आधी तिमाही करार आले, मग चीनच्या बंदरात पोचलेल्या मालाच्या रोजच्या निर्देशांकावर सगळं गेलं. सिंगापूर आणि दालियनच्या बाजारांत त्यावर वायदे होतात.

परिणाम असा की खनिजाचा भाव २०१५ च्या डिसेंबरमध्ये टनाला ४० डॉलरच्या खाली होता आणि २०२१ च्या मे महिन्यात २३० डॉलरच्या वर. पुरवठादार मोजके आहेत: रिओ टिंटो, बीएचपी, फोर्टेस्क्यू, ब्राझीलची वाले. खरेदीच्या बाजूला समुद्रमार्गे फिरणाऱ्या खनिजापैकी सुमारे तीन चतुर्थांश एकटा चीन घेतो. २०२२ मध्ये चीनने सरकारी खरेदी कंपनी काढली, ती या मोजक्या विक्रेत्यांसमोर एकत्र उभं राहण्यासाठी.

भाव चढण्याची कारणं मात्र नेहमी बाजारातली नसतात. २५ जानेवारी २०१९ रोजी ब्राझीलमधल्या ब्रुमाडिन्यो इथे वालेच्या खाणीचा गाळ साठवलेला बंधारा फुटला. २७० माणसं गेली. खाली कामगारांची खानावळ होती आणि ती दुपारच्या जेवणाची वेळ होती. त्याच राज्यात २०१५ मध्ये मारियाना इथे असाच बंधारा फुटून १९ जण गेले होते. ब्रुमाडिन्योनंतर इतर बंधाऱ्यांवरची कामं थांबवावी लागली, पुरवठा आटला आणि खनिज महागलं. भावाच्या आलेखावर ही वाढ एक उभी रेघ म्हणून दिसते. ती रेघ कशामुळे चढली, हे सांगितल्याशिवाय तो आलेख कुणी दाखवू नये.

भंगाराला एकदम एवढं महत्त्व का आलं?

कारण भंगारातून बनलेल्या टनाला झोतभट्टीच्या तुलनेत फार कमी कार्बन डायऑक्साइड निघतो. झोतभट्टीचा टन साधारण २.३ टन कार्बन डायऑक्साइड सोडतो. भंगार आणि चाप भट्टीचा टन, वीज धरून, पाऊण टनाच्या आसपास. वीज स्वच्छ असेल तर आणखी कमी. त्यामुळे प्रत्येक देशाला आता आपलं भंगार घरातच ठेवावंसं वाटतं. भंगाराच्या निर्यातीवर बंदी, शुल्क किंवा परवाना लावणारे देश वाढत चालले आहेत. तुर्कस्तान हा जगातला सर्वांत मोठा भंगार आयातदार. तिथे पोचणाऱ्या मिश्र जड भंगाराचा भाव जगभर मापदंड म्हणून वाचला जातो.

मग सगळंच पोलाद भंगारातून का बनवत नाहीत?

पहिलं कारण, तेवढं भंगार नाही. डबा काही आठवड्यांत परत येतो, मोटार दहा-पंधरा वर्षांनी, इमारत पन्नास वर्षांनी. सरासरी धरली तर पोलादाची वस्तू चाळीसेक वर्षं वापरात राहते. आज जमणारं भंगार म्हणजे १९८० च्या दशकातलं पोलाद, आणि तेव्हा जग आजच्या निम्म्याहून कमी पोलाद बनवत होतं.

दुसरं कारण तांबं, आणि यावर थोडं थांबायला हवं. जुनी मोटार श्रेडरमधून, म्हणजे फाडणाऱ्या यंत्रातून काढली की मुठीएवढे तुकडे पडतात. चुंबक लोखंड उचलतो. पण काच वरखाली करणाऱ्या छोट्या मोटरीचा, स्टार्टरचा तुकडाही तो उचलतो, कारण तांब्याची तार लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेली असते. पट्ट्याशेजारी उभी माणसं असे तुकडे हाताने वेचतात. जे सुटतात ते भट्टीत जातात. तिथे ॲल्युमिनियम, सिलिकॉन जळून मळीत जातात. तांबं जळत नाही, ते लोहापेक्षा कमी क्रियाशील. एकदा आत शिरलं की ते कायमचं आत.

त्रास नंतर दिसतो. लाटण्यासाठी स्लॅब, म्हणजे पोलादाची जाड लादी, अकराशे-बाराशे अंशांपर्यंत तापवली की पृष्ठभागावरचं लोखंड गंजून पापुद्रा होतं आणि तांबं मागे साचत जातं. तांबं १०८५ अंशांना वितळतं. हा पातळ थर पोलादाच्या कणांमधल्या सीमांत झिरपतो आणि रोलखाली पत्र्याला चिरा पडतात. बांधकामाच्या सळईत ०.४ टक्क्यांपर्यंत तांबं खपून जातं. मोटारीच्या दाराचा खोल दाबून बनवायचा पत्रा ०.०६ टक्केही सहन करत नाही. म्हणून आजवर मोटारीचं भंगार सळईत जिरत आलं. भंगाराचा वाटा वाढेल तशी ही पळवाट अपुरी पडेल.

उपाय आहेत: जास्त काटेकोर वर्गवारी, क्ष-किरणांनी किंवा लेसरने तुकडा ओळखणारी यंत्रं, भंगारात स्पंज आयर्न किंवा कच्चं लोखंड मिसळून तांब्याचं प्रमाण पातळ करणं. सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे मोटार तोडण्याआधी तारांचं जाळं आणि मोटरी काढून घेणं. हे काम कष्टाचं आहे, त्याला मजुरी कमी मिळते आणि पर्यावरणाच्या अहवालांत त्याला दोन ओळीही मिळत नाहीत. उद्याच्या पोलादाचा दर्जा या माणसांच्या हातात आहे असं म्हणताना मी जराही वाढवून सांगत नाही.

स्पंज आयर्न म्हणजे नेमकं काय?

न वितळवता ऑक्सिजन काढलेलं खनिज. आत बारीक पोकळ्या राहतात म्हणून स्पंज. नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या उभ्या भट्ट्या आखाती देशांत, इराणमध्ये आणि अमेरिकेत आहेत. त्यांत मिड्रेक्स पद्धत सर्वांत जास्त चालते. भारत जगातला सर्वांत मोठा उत्पादक, पण तिथे बराचसा माल कोळशावरच्या फिरत्या भट्ट्यांत बनतो, त्यामुळे ‘स्पंज आयर्न म्हणजे स्वच्छ’ असं सरसकट धरू नये.

हायड्रोजनवरचं पोलाद प्रत्यक्षात आलं आहे का?

छोट्या प्रमाणावर, होय. स्वीडनमधल्या लुलिओ इथे एसएसएबी (पोलाद), एलकेएबी (लोहखनिज) आणि वॅटनफॉल (वीज) या कंपन्यांच्या हायब्रिट प्रकल्पाची प्रायोगिक भट्टी २०२० मध्ये सुरू झाली आणि २०२१ मध्ये तिथलं पोलाद व्होल्वोला गेलं. रसायन सिद्ध झालं आहे: कार्बनऐवजी हायड्रोजन ऑक्सिजनला धरतो आणि धुराड्यातून वाफ निघते.

अडचण विजेची. टनाला पन्नास किलोच्या वर हायड्रोजन लागतो. तो पाण्यातून काढायचा आणि पुढची भट्टीही विजेवर चालवायची, तर टनामागे सुमारे ३,५०० युनिटं. भंगाराच्या ४०० शी ताडून बघा. स्वस्त, स्वच्छ आणि अखंड वीज जिथे नाही तिथे हे गणित बसत नाही. आर्सेलरमित्तलने जर्मनीतल्या ब्रेमेन आणि आयझेनह्युटनश्टाट इथल्या अशा योजना जून २०२५ मध्ये सोडल्या, तेही १३० कोटी युरोंची सरकारी मदत मंजूर असताना.

माझा अंदाज असा आहे की स्पंज आयर्न खनिज आणि स्वस्त ऊर्जा जवळ असलेल्या ठिकाणी बनेल आणि विटांसारखं दाबून जहाजाने जाईल. वितळवण्याचं आणि लाटण्याचं काम गिऱ्हाइकाजवळ राहील. एका आवारात खनिज आत आणि पत्रा बाहेर, ही विसाव्या शतकातली रचना सुटी होत जाईल.

मँगनीज, क्रोम, निकेल यांचं काय?

वजनाने थोडे, पण यांच्यावाचून पोलाद उभं राहत नाही. मँगनीज जवळपास प्रत्येक पोलादात असतं. दक्षिण आफ्रिका आणि गॅबॉन त्याचे मोठे पुरवठादार. मार्च २०२४ मध्ये मेगन चक्रीवादळाने ऑस्ट्रेलियाच्या ग्रूट आयलंड बेटावरचा धक्का मोडला आणि तिथली निर्यात वर्षभर ठप्प झाली. स्टेनलेसला किमान १०.५ टक्के क्रोम लागतं, त्याचं खनिज मुख्यतः दक्षिण आफ्रिकेचं. पोलाद मजबूत करणाऱ्या नायोबियम धातूचा सुमारे ९० टक्के पुरवठा एकट्या ब्राझीलमधून येतो.

निकेलचा प्रवास सर्वांत बोलका. इंडोनेशियाने जानेवारी २०२० पासून कच्च्या निकेल खनिजाची निर्यात बंद केली. चिनी कंपन्यांनी भट्ट्याच तिथे नेल्या, आणि आज जगातलं निम्म्याहून जास्त निकेल तिथून निघतं. खनिज असलेल्या इतर देशांनी हा धडा नीट वाचला आहे. या भट्ट्यांना लागणारी वीज मात्र बरीचशी कोळशाची आहे.

चीनची निर्यात सगळ्यांना का खुपते?

२०२१ पासून तिथला घरबांधणीचा धंदा बसला. सळई आणि बांधकामाच्या पोलादाची मागणी घटली, भट्ट्या मात्र तेवढ्या बंद झाल्या नाहीत. झोतभट्टी बटण दाबून बंद-चालू होत नाही, आणि कारखान्यावर अख्ख्या शहराचा रोजगार असला की स्थानिक प्रशासनही ती बंद होऊ देत नाही. उरलेला माल बाहेर पडतो. २०१५ नंतर पहिल्यांदाच २०२४ मध्ये चीनची निर्यात ११ कोटी टनांच्या वर गेली. हा आकडा बहुतेक देशांच्या वर्षभराच्या उत्पादनापेक्षा मोठा आहे. ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या संघटनेच्या हिशेबाने जगातली जास्तीची क्षमता सुमारे ६० कोटी टन आहे. नव्या भट्ट्या अजूनही उभ्या राहत आहेत, आग्नेय आशियातही.

आयात शुल्काने पोलाद उद्योग वाचतो का?

काही काळ श्वास घ्यायला मिळतो. अमेरिकेने मार्च २०१८ मध्ये २५ टक्के शुल्क लावलं आणि जून २०२५ मध्ये ते ५० टक्क्यांवर नेलं. युरोपीय आयोगानेही ऑक्टोबर २०२५ मध्ये शुल्कमुक्त कोटा जवळपास निम्म्यावर आणून त्यापुढच्या मालावर ५० टक्के शुल्क सुचवलं. एका बाजाराचं दार बंद झालं की तोच माल दुसऱ्या दारी जातो आणि मग तो देशही भिंत बांधतो. मधल्या मध्ये पोलाद विकत घेऊन यंत्रं, भांडी, सुटे भाग बनवणाऱ्यांचा खर्च वाढतो. त्यांची संख्या पोलाद कामगारांपेक्षा कितीतरी जास्त असते, पण ते विखुरलेले असल्यामुळे त्यांचा आवाज पोचत नाही.

युरोपचा सीबॅम म्हणजे काय?

सीमेवरचा कार्बन आकार. युरोपमधल्या कारखान्यांना उत्सर्जनाचे परवाने विकत घ्यावे लागतात, मग बाहेरून येणाऱ्या पोलादालाही तेवढाच भार पडावा, हा त्यामागचा विचार. ऑक्टोबर २०२३ पासून फक्त माहिती द्यायची होती. १ जानेवारी २०२६ पासून पैशांची जबाबदारी सुरू झाली. युरोपच्या कारखान्यांना मिळणारे फुकट परवाने २०३४ पर्यंत टप्प्याटप्प्याने संपतील, तसा हा आकार वाढत जाईल.

निर्यातदाराला यात खरा घोर कागदांचा. प्रत्येक मालाचं उत्सर्जन मोजून, तपासून द्यावं लागतं. मोजमाप नसेल तर ठरावीक आकडे धरले जातात आणि ते सहसा महागात पडतात.

‘ग्रीन स्टील’ असं लिहिलेलं असलं की काय विचारावं?

तीन गोष्टी. टनाला किती कार्बन डायऑक्साइड आणि त्यात वीज व खाणकाम धरलं आहे का? किती भंगार वापरलं? आणि हे आकडे याच मालाचे आहेत, की कारखान्याची एकूण बचत कागदावर ठरावीक टनांना चिकटवली आहे? शेवटची पद्धत बेकायदा नाही, पण घेणाऱ्याला ती स्पष्ट सांगितलेली असावी.

पोलादाचा भाव नेमका कसा वाचायचा?

‘पोलादाचा भाव’ असा एकच भाव नसतो. बांधकामासाठी सळई आणि ती ज्यातून लाटतात तो चौकोनी दांडा म्हणजे बिलेट, कारखान्यांसाठी एचआर कॉइल म्हणजे तापवून लाटलेल्या पत्र्याची गुंडाळी, अशी निदान दोन वेगळी कुटुंबं आहेत. नुसता भाव बघण्यापेक्षा फरक बघावा: कॉइलच्या भावातून खनिज आणि कोकिंग कोळशाचा खर्च वजा केला की काय उरतं, किंवा सळईच्या भावातून भंगाराचा. हा फरक आकसत गेला की भाव कितीही चढे दिसोत, कारखाना अडचणीत असतो. भाव उतरत असताना फरक रुंदावला, तर कारखान्याचे बरे दिवस.

जुन्या झोतभट्ट्या कधी बंद होणार?

झोतभट्टीचं आतलं विटांचं अस्तर पंधरा-वीस वर्षं टिकतं. ते बदलायला प्रचंड पैसा लागतो, आणि एकदा बदललं की भट्टी पुढची पंधरा-वीस वर्षं चालवावीच लागते. तेव्हा प्रत्येक कारखान्यात निर्णयाची वेळ अस्तर झिजल्यावर येते.

वेल्समधल्या पोर्ट टॅलबॉट इथे टाटा स्टीलची शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ रोजी थांबली. तिच्या जागी वर्षाला सुमारे ३० लाख टन क्षमतेची चाप भट्टी उभी राहते आहे. मधल्या काळात स्लॅब बाहेरून आणून लाटायचे. अडीच हजारांच्या आसपास नोकऱ्या गेल्या. चाप भट्टीला माणसं कमी लागतात, कोक ओव्हन आणि सिंटर प्लांट (खनिजाची भुकटी भाजून ढेकळं करणारा विभाग) तर लागतच नाहीत. उत्सर्जन घटलं हे खरं, आणि त्याची किंमत एका गावाने एका हप्त्यात मोजली हेही तितकंच खरं. भट्टी बंद करायची तारीख ठरते, त्याच दिवशी कामगारांच्या पुढच्या कामाची योजनाही ठरलेली असायला हवी. नवी भट्टी पेटायच्या आधी जुनी विझली तर ती मधली वर्षं कामगारांनी काढायची कशी, हा प्रश्न युरोपातल्या प्रत्येक पोलाद गावापुढे आहे.

इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्पचं वेगळं घडलं. एप्रिल २०२५ मध्ये मालक कंपनी कोळसा आणि खनिजाची खरेदी थांबवते आहे असं दिसल्यावर संसदेने शनिवारी बैठक घेऊन कायदा केला आणि सरकारने कारखान्याचा ताबा घेतला. कारण झोतभट्टी उपाशी राहिली की थंड होते, आतलं लोखंड तळाशी गोठतं आणि मग ती पुन्हा पेटवणं जवळपास अशक्य असतं. धावपळ पैशांसाठी नव्हती. कोकिंग कोळसा आणि खनिज घेऊन निघालेली जहाजं वेळेवर बंदरात लागून उतरवली गेली, म्हणून दोन्ही भट्ट्या चालू राहिल्या.